रिपोर्ट कुणासाठी?

तुमची एचआयव्ही टेस्ट झालीये का?

थांबा, पान उलटू नका. ब्रंचवालं पान पुढेच आहे, ते कुठे पळून जात नाहीये. आणि हा प्रश्न तुमच्या कॅरेक्टरबद्दल नाहीच मुळी, तुमच्या गुडघ्याबद्दल आहे. टर्फवर फुटबॉल खेळताना लिगामेंट गेलं होतं, आठवतंय? किंवा मैत्रिणीचं ते अपेंडिक्स? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दंडाला रबर बांधून तीन-चार नळ्या रक्त काढलं होतं. मेडिक्लेमसाठी ते सगळे कागद तुम्ही प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेत. काढा ते फोल्डर. हिमोग्लोबिन, शुगर, क्रिएटिनिन... आणि जरा खाली बघा. एचआयव्ही. एचबीएसएजी. एचसीव्ही. समोर 'नॉन-रिॲक्टिव्ह' लिहिलेलं असेल. झाली की नाही टेस्ट?

आता सांगा, कुणी विचारलं होतं तुम्हाला?

माझ्या मित्रमंडळीत मी हा सर्व्हे करून पाहिला. (सर्व्हे म्हणजे आपला व्हॉट्सॲप ग्रुप हो, फार सिरियसली घेऊ नका.) ज्यांची छोटी-मोठी ऑपरेशनं झाली होती त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या फायलीत ती ओळ सापडली. आणि 'तुमची ही टेस्ट करतोय बरं का' असं कुणी तोंडाने सांगितल्याचं एकालाही आठवेना. ॲडमिशनच्या वेळी घाईघाईत ज्या सात-आठ कागदांवर सह्या केल्या, त्यातल्या एकावर बारीक अक्षरात ते होतं म्हणे. असेल. त्या वेळी कोण वाचतं?

निगेटिव्ह आला म्हणून कुणी काही बोललं नाही, ठीक आहे. पण पॉझिटिव्ह आला असता तर? तर सांगितलंच असतं ना? इथेच तर सगळी गंमत आहे. (गंमत हा शब्द इथे बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाहीये.)

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो पुण्यात नाही, गावी. मी मूळची जालन्याची. 'जालना, सोने का पालना' हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. सोनं कुठंय ते विचारू नका, लोखंड मात्र रग्गड. तुमच्या नव्या टॉवरच्या स्लॅबमधल्या सळया जालन्याच्या एमआयडीसीतून आलेल्या असू शकतात. दुसरं म्हणजे बियाणं. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली महिको इथेच सुरू केली. तिसरं, मोसंबी. थोडक्यात काय, तर भंगार येतं, सळई जाते, बियाणं जातं, मोसंबी जाते, आणि हे सगळं ट्रकमधून येतं-जातं. त्यात ११ डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ला शेवटचा टप्पाही उघडला. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, मध्ये आमचं जालना. समृद्धीवर सुसाट गाड्या, आतल्या रस्त्यांवर ऊसतोडीला निघालेल्या ट्रॉल्या, कोंबून भरलेल्या काळ्यापिवळ्या आणि ट्रिपल सीट बाइक. लाईट असली तर असली, नसली तर नसली.

१ जुलै २०२३च्या पहाटे समृद्धीवर बस पेटली आणि २५ माणसं गेली, ते तुम्हाला आठवत असेल. ते ठिकाण सिंदखेडराजाजवळचं, जिल्हा बुलढाणा, पण आम्हाला ते शेजारच्या गल्लीइतकंच जवळ. असे अपघात बातमीत येतात. घंट्या-घंट्याला होणारे येत नाहीत. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली साधारण दोन तृतीयांश १८ ते ४५ वयातली. म्हणजे तुमच्या-माझ्या वयाची. आणि हे झालं मेलेल्यांचं. मोडक्या पायाने, फुटक्या डोक्याने हॉस्पिटलात पोचलेले वेगळेच.

त्या पोचलेल्यांमध्ये एकदा माझा मामेभाऊ होता. अंबड रोडला संध्याकाळी बाइक घसरली, नडगीचं हाड मोडलं, रॉड टाकायचं ठरलं. मराठवाड्यातल्याच एका खासगी 'ॲक्सिडेंट हॉस्पिटल'मध्ये मी त्याच्यासोबत तीन रात्री काढल्या. नाव लिहीत नाही. शेजारच्या कॉटवर तिशीचा एक ट्रक ड्रायव्हर होता. मांडीचं हाड मोडलेलं. सोबत बायको आणि तिच्या कडेवर एक चिमुरडी.

पहिल्या रात्री सांगितलं, उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन तुमचं. सकाळी त्याला उपाशी ठेवलं. दुपारपर्यंत उपाशीच. मग माझ्या भावाचा नंबर लागला, त्याचा नाही. संध्याकाळी त्याच्या फायलीवर लाल पेनाने एक गोल आला. रात्री ड्रेसिंगला आलेल्या ब्रदरने त्याला हात लावताना एकावर एक दोन ग्लोव्हज चढवले. तिथून तो माझ्या भावाकडे वळला, ग्लोव्हज काढून टाकले, आणि उघड्या हाताने भावाचं रक्ताळलेलं बँडेज सोडलं. (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) झाडणाऱ्या मावशींचा झाडू त्याच्या कॉटला वळसा घालून जायला लागला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा निरोप आला, इथे सोय नाही, घाटीला न्या. घाटी म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. आसपासच्या जिल्ह्यांत कुणाचंही जास्त झालं की शेवटी घाटीच.

सोय नाही? अहो, त्याच ओटीत दोन दिवसांत तीन रॉड पडलेले मी बाहेर बसून मोजले होते.

त्याची बायको माझ्याकडे कागदांचा गठ्ठा घेऊन आली. "ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता. काय लिहिलंय बघा बरं ह्याच्यात. कामून पाठवू लागले आम्हाला?"

मधल्या एका कागदावर इंग्रजीत टाइप केलेलं होतं. एचआयव्ही वन अँड टू, रिॲक्टिव्ह.

वाचायला एक सेकंद लागला. काय बोलायचं ते ठरवायला चांगला वेळ लागला. मास कॉमला आम्हाला सोर्स कसा जपायचा, ऑफ द रेकॉर्ड म्हणजे काय, हे सगळं शिकवलं होतं. पण इथे रक्त त्याचं, कागद त्याचा, आणि विचारतेय त्याची बायको. मी तो कागद घडी करून त्याच्या हातात दिला. म्हटलं, "दादा, हा तुमचा रिपोर्ट आहे. ह्यात रक्ताची एक तपासणी आहे. ती परत करून खात्री करावी लागते, एकीवर काही ठरत नसतं. घाटीत पायाच्या डॉक्टरांना दाखवालच, पण आयसीटीसी कुठाय तेही विचारा. पैसे लागत नाहीत. तिथे तुम्हाला एकट्याला बसवून नीट समजावून सांगतात." एका केसपेपरच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून दिलं, आयसीटीसी. खाली हेल्पलाइनचा नंबर, १०९७.

त्याने कागद खिशात घातला. "पायाचंच आहे ना पण?"

"पायाचं वेगळं, हे वेगळं. दोन्हीवर औषध आहे."

ॲम्ब्युलन्स आली, ते गेले. फोन नंबर मी मागितला नाही. तो मागायचा हक्क मला नव्हता.

आता त्या 'रिॲक्टिव्ह'बद्दल. खासगी हॉस्पिटलात ऑपरेशनआधी जी टेस्ट होते ती बहुतेक वेळा एकच कार्ड टेस्ट. थेंबभर रक्त, वीसेक मिनिटं, एक रेघ की दोन. प्रेग्नन्सी टेस्टसारखंच दिसतं. दुसरी रेघ उमटली म्हणजे 'रिॲक्टिव्ह', म्हणजे 'संशय आहे, पुढे तपासा'. त्याचा अर्थ 'पॉझिटिव्ह' नाही. सरकारी केंद्रात एकावर भागवत नाहीत. वेगवेगळ्या तीन किटवर तपासून तिन्ही जुळल्या तरच निदान. कारण साधं गणित आहे. २०२१च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२१ टक्के होतं, म्हणजे हजारात दोन. इतकं कमी प्रमाण असताना सरसकट सगळ्यांची टेस्ट केली की खोट्या रेघा उमटणारच. त्या ड्रायव्हरला एचआयव्ही असेलही, नसेलही. पण लाल गोल मात्र पहिल्याच रेघेला मिळाला.

ड्रायव्हर आहे म्हटल्यावर असणारच, असं मनात आलं का तुमच्या? खरं सांगा. त्या हॉस्पिटलातही कुणाच्या तरी मनात तेच आलं असणार. चेहरा, धंदा, कपडे बघून अंदाज बांधायची ही सवय डॉक्टरांनाही असते, आणि ती किती फसवी आहे हे अमेरिकेत फार पूर्वीच कळून चुकलंय. बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल आहे. १९८७ साली तिथल्या इमर्जन्सी विभागातल्या डॉक्टरांनी २०३ अत्यवस्थ पेशंटांचं रक्त तपासलं. एचआयव्ही आहे असं कुणालाच माहीत नव्हतं, असे सगळे. ६ जणांना निघाला. आणि हे सहाही जण तापा-खोकल्याचे नव्हते, जखमी होऊन आलेले होते. पुढच्या वर्षी त्याच विभागाचा मोठा अभ्यास छापून आला. २,३०२ पेशंट, त्यात ११९ जणांना एचआयव्ही, आणि त्यातल्या ९२ जणांचा कुणाला पत्ताच नव्हता. चारातल्या तिघांचा!

ते बाल्टिमोर, तेही १९८०च्या दशकातलं, शहराच्या गरीब वस्तीतलं, ड्रग्जच्या सुयांचा सुळसुळाट असलेलं. तिथले टक्के उचलून जालन्याला चिकटवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पण त्यामागचं लॉजिक मात्र इथेही तंतोतंत लागू पडतं. बघा कसं ते.

आपल्याकडे एचआयव्हीची टेस्ट कुणाकुणाची होते? गरोदर बाईची होते. टीबीच्या पेशंटची होते. रक्तदान शिबिरात दिलेल्या प्रत्येक पिशवीची होते. गुप्तरोगासाठी सरकारी दवाखान्यात गेलेल्याची होते. मग उरतो कोण? उरतो पंचविशी ते चाळिशीतला धडधाकट पुरुष. तो आजारी पडत नाही. पडला तर मेडिकलवाल्याकडून गोळी घेतो. रक्त द्यायला वेळ नसतो. गरोदर तर राहतच नाही. डॉक्टरच्या समोर तो येतो तो एकदाच, बाइकवरून पडल्यावर.

आणि हा विषाणू तसा भलताच सबुरीवाला. शरीरात शिरल्यावर सुरुवातीला थोडा ताप येतो, फ्लूसारखा, आणि मग आठ-दहा वर्षं चिडीचूप. माणूस कामाला जातो, लग्न करतो, पोरं होतात. आतल्या आत रोगाशी लढणाऱ्या पेशी कमी कमी होत जातात, बाहेर काही दिसत नाही. दिसायला लागतं तेव्हा टीबी झालेला असतो, नाहीतर मेंदूत काहीतरी. देशात एचआयव्ही असलेल्या पाच माणसांमागे साधारण एकाला अजूनही आपल्याला तो आहे हे माहीत नाही. त्यात महाराष्ट्राचा नंबर वरचा. २०२१च्या त्याच अंदाजात आपल्या राज्यात ३.९४ लाख लोक होते, देशात सगळ्यात जास्त.

कळून तरी काय फायदा, असं म्हणायचे दिवस कधीच गेले. १ एप्रिल २००४ला सरकारने फुकट एआरटी औषधं द्यायला सुरुवात केली ती देशातल्या मोजक्या आठ हॉस्पिटलांत. मुंबईचं जेजे त्यातलं एक. तेव्हा रक्तातल्या सीडी-फोर पेशी ठरावीक आकड्याखाली आल्याशिवाय औषध मिळत नसे. २०१७पासून ती अट गेली. निदान झालं की औषध सुरू. दिवसाला एक गोळी. नियमित घेतली तर काही महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि तो तसाच दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागणही होत नाही. आमच्या बाजूच्या कॉटवरचा तो, त्याची बायको आणि पुढे-मागे होणारं मूल, तिघांचंही आयुष्य त्या एका कागदावर अवलंबून होतं. आणि तो कागद गठ्ठ्यात मधोमध खुपसून त्याला ॲम्ब्युलन्समध्ये बसवलं.

म्हणजे टेस्ट झाली, पण त्याच्यासाठी झाली नाही. ती झाली ऑपरेशन करणाऱ्यांसाठी.

इथे दुसरी बाजूही ऐकायला हवी. शाळेत मला दोन वर्षं सीनियर असलेला एक दादा आता जालन्यात ऑर्थोपेडिक सर्जन आहे. (वरच्या हॉस्पिटलाशी त्याचा काही संबंध नाही.) त्याला मी तावातावाने हे सगळं सांगितलं. तो शांतपणे चहा प्यायला आणि म्हणाला, "तू कधी हाडाला ड्रिल मारताना पाहिलंयस? भुगा आणि रक्त चेहऱ्यावर उडतं. मोडलेल्या हाडाची टोकं ब्लेडसारखी असतात, ग्लोव्हज फाडतात. तारा वळवताना बोटात घुसतात. घरी दोन पोरं आहेत माझी."

भीती खरी आहे. मी नाही म्हणणार नाही. पण मग आकड्यांत बोलू या. एचआयव्ही असलेल्या, औषध न घेणाऱ्या माणसाच्या रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता हजारात साधारण ३. डोळ्यात-तोंडात रक्त उडालं तर हजारात एकाहूनही कमी. तेच हिपॅटायटिस बी असेल तर, आणि लस घेतलेली नसेल तर, शंभरात ३०पर्यंत जाऊ शकते! त्याची लस आहे, मिळते, तीन डोस. आता आपल्या आसपासच्या किती वॉर्डबॉय मामांना आणि मावशींना ते तीन डोस कुणी दिलेत, एवढंच एकदा विचारून बघा. लाल पेन स्वस्त पडतं ना.

दुसरं, तो रिपोर्ट ढाल म्हणून अगदीच कच्चा. लागण झाल्यावर पहिले काही आठवडे टेस्टमध्ये काही दिसतच नाही. विंडो पीरियड म्हणतात तो हाच. गंमत म्हणजे (पुन्हा तोच शब्द) त्याच काळात रक्तात विषाणू सगळ्यात जास्त असतो. म्हणजे 'नॉन-रिॲक्टिव्ह' लिहिलेला माणूस 'रिॲक्टिव्ह'पेक्षा जास्त धोक्याचा असू शकतो. शिवाय खरी इमर्जन्सी असेल, पोटात रक्तस्राव चालू असेल, तर रिपोर्टची वाट बघत कोण बसणार? आता आठवा तो ब्रदर. एकाला दोन-दोन ग्लोव्हज आणि माझ्या भावाला उघडे हात. भावाचा रिपोर्ट निगेटिव्ह होता म्हणून! अमेरिकेच्या सीडीसीने १९८७ सालीच सांगितलंय की प्रत्येक पेशंटचं रक्त संसर्गाचंच आहे असं धरून चाला. सगळ्यांना ग्लोव्हज, सगळ्यांना गॉगल, सुईला परत टोपण लावायचं नाही. लाल गोल या सगळ्याच्या उलट शिकवतो. तो सांगतो, बाकीच्यांचं रक्त सेफ.

आणि टोचलीच सुई, तर? वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवायचं, पिळायचं नाही, तोंडात घालून चोखायचं तर अजिबात नाही. आणि पेप नावाचा औषधांचा कोर्स. शक्यतो दोन तासांत सुरू करायचा, ७२ तासांच्या आत तर करायचाच, २८ दिवस घ्यायचा. दादाला मी विचारलं, तुझ्या हॉस्पिटलात रात्री दोनला सिस्टरला सुई टोचली तर पहिला डोस कुठे मिळेल? तो गप्प बसला. मग म्हणाला, "सिव्हिलला पळावं लागेल." म्हटलं, एक डोस तुझ्या फ्रिजशेजारच्या कपाटात का नाही? यावर दुसरा चहा आला.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण तो आहे हेच बऱ्याच जणांच्या गावी नाही. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय टेस्ट नाही, आणि संमती म्हणजे नुसती सही नाही. आधी समजावून सांगायचं आणि नंतर निकालही समजावून सांगायचा. बेशुद्ध पेशंटच्या वतीने त्याचा प्रतिनिधी संमती देऊ शकतो. टेस्ट केली तरच उपचार, अशी अट घालता येत नाही. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. निकाल दुसऱ्याला सांगायचा नाही. उपचार करणाऱ्यांना गरजेपुरता कळवता येतो, आणि जोडीदाराला कुणी, कसं सांगायचं याचेही नियम आहेत. आणि जे फारसं कुणी सांगत नाही ते हे, की दवाखान्यात काम करणाऱ्यांना ग्लोव्हज-गॉगल, ट्रेनिंग आणि पेप देणं ही मालकाची जबाबदारी याच कायद्यात लिहिलीये. म्हणजे हा कायदा सिस्टरचाही आहे, पेशंटचाही.

नोकरीचं म्हणाल तर त्याच्याही वीस वर्षं आधी, १९९७ साली, मुंबई हायकोर्टाने एका हंगामी कामगाराच्या केसमध्ये सांगितलं होतं की माणूस काम करायला फिट असेल आणि इतरांना धोका नसेल तर निव्वळ एचआयव्ही आहे म्हणून त्याला कामावरून बाहेर ठेवता येणार नाही. ट्रकमालकांपर्यंत हे अजून पोचायचंय.

मग करावं काय? टेस्टच बंद करायच्या? मला तर उलटं वाटतं. टेस्ट कराव्यात, जरूर कराव्यात, पण त्या माणसाचा प्लास्टर घातलेला पाय वर टांगलेला असताना, तो शुद्धीवर असताना, त्याला विचारून आणि त्याच्यासाठी. अमेरिकेत २००६पासून सीडीसी सांगतेय की १३ ते ६४ वयाच्या सगळ्यांना इमर्जन्सीसकट कुठल्याही दवाखान्यात ही टेस्ट रूटीन म्हणून सुचवा, नको म्हणायची मुभा ठेवून. इंग्लंडने एप्रिल २०२२पासून लंडन आणि आणखी काही शहरांतल्या कॅज्युअल्टीमध्ये, रक्त काढायचंच आहे तर त्यातच ही टेस्ट, असं सुरू केलं. पहिल्याच वर्षात शेकडो लोक असे सापडले ज्यांना आपल्याला एचआयव्ही आहे हे माहीतच नव्हतं. आपल्याकडे तर ऑपरेशनवाल्यांचं रक्त आधीच तपासलं जातंय! खर्च झालेला आहे, सुई टोचून झालीये. राहिलंय फक्त दार लावून दहा मिनिटं माणसाशी बोलणं. जालन्याला ऑक्टोबर २०२४मध्ये नवं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय. उद्याचे हाडांचे डॉक्टर तिथे घडणार आहेत. हाडं जोडायला ते शिकतीलच, दार लावून बोलायलाही कुणीतरी शिकवावं.

जाता जाता वीकेंडला समृद्धीवरून गावी जाणाऱ्यांसाठी. रस्त्यात कुणी रक्तबंबाळ पडलेलं दिसलं आणि 'त्याला काही असलं तर?' असं मनात आलं, तर ऐका. धडधाकट कातडीवर रक्त लागून एचआयव्ही होत नाही. तुमच्या हाताला जखम असेल तर दुधाची रिकामी पिशवी, स्वीगीची पिशवी, काहीही हाताला गुंडाळा आणि उचला. नंतर साबणाने धुवा. १०८ला फोन करा. पोलिसांचं टेन्शन घेऊ नका. २०१६ला सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, २०१९ला ते मोटार वाहन कायद्यातही आलं. नाव सांगायचीही सक्ती नाही.

दादाचा परवा फोन आला होता. त्याने फॉर्म बदललाय. इंग्रजीतली ती बारीक ओळ काढली आणि मराठीत मोठ्या अक्षरात चार ओळी टाकल्या. रक्त काढायच्या आधी सिस्टर त्या वाचून दाखवते. रिपोर्ट तो स्वतः सांगतो, नातेवाइकांना बाहेर काढून. काही संशय असेल तर आयसीटीसीला चिठ्ठी, आणि ऑपरेशन ठरलेल्या वेळीच. कपाटात पेपचा पहिला डोसही आणून ठेवलाय.

"लोक नाही म्हणतात का रे?" मी विचारलं.

"क्वचित," तो म्हणाला. "सगळे एकच विचारतात. ह्याचे पैसे वेगळे लागतील का?"